धामण निघाली पार्किंगमध्ये

सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. धामण! बिनविषारी! वीस मिनिटांत सर्पमित्र हजर, पाठोपाठ भावी नगरसेवक फोटोला हजर आणि दोन वर्षं अर्ज करून जे शेजारच्या प्लॉटवरचं गवत हललं नव्हतं ते पालिकेनं दुपारपर्यंत कापून नेलं. ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी. मीही एक टाकला, खोटं कशाला बोलू. मग डोकं फिरलं.

मी नववीत असताना आमचे आप्पा, म्हणजे चुलते, रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेले, कारण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. बांधावर घोणस चावली. काटा मोडला असेल म्हणून तसेच दारं धरत राहिले. पहाटे घरी आले तर पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. आरोग्य केंद्रात लस नाही, तालुक्याला न्या. तालुक्याचे म्हणाले जिल्ह्याला न्या. जीपमध्येच गेले.

देशात वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसं सर्पदंशानं जातात, आणि हा आकडासुद्धा घरोघरी जाऊन विचारल्यावर कळला, कारण बहुतेक जण दवाखान्याबाहेरच मरतात, सरकारी वहीत नोंद कुठली! २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली तर लष्कर बोलावून फेब्रुवारीपर्यंत नवा पूल उभा राहिला. राहायलाच हवा होता, त्याबद्दल एक शब्द नाही. पण ती माणसं एका जागी गेली, भर मुंबईत, सगळ्या चॅनेलसमोर. आप्पा एकटे होते हो, अंधारात, हातात एक बॅटरी, तिचेही सेल उतरलेले.

हो, २०२४ मध्ये केंद्रानं सर्पदंशाचा कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणे, राज्यांना प्रत्येक केस कळवा म्हणूनही सांगितलंय. चांगलंच आहे. शेतकरी मेल्यावर दोन लाखांचं सानुग्रह अनुदानही आहे, सर्पदंश त्यात बसतो. म्हणजे मेल्यावर फाईल होते. जिवंतपणी लाईट दिवसा मागितली तर ती कुणाच्या टेबलावर जाते, कुणाला माहीत असेल तर सांगा.

जाऊ दे, गवतावर राग काढून काय होणार. त्या बिचाऱ्या धामणीला तरी सोडलं डोंगराकडे.

आत्ता काकूला फोन केला होता. म्हटलं जेवलीस का, तर म्हणाली अजून नाही, दादू पाण्याला गेलाय, या आठवड्यात लाईट रात्रीची आहे.