‘माजणी’ नव्हे, भाजणी

नमस्कार काका,

‘मोदक’ फॉन्टवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, या बटाट्यासारख्या फुगीर अक्षरांनी ठाण्याच्या गोखले रोडच्या पाट्या बालिश करून टाकल्या, पेंटरचा हात संपवला, फराळाच्या एका फलकावर तर ‘भाजणी’ऐवजी ‘माजणी’ वाचावं लागतं, आणि मी असल्या फॉन्टची भलामण करतो. भलामण केली, कबूल.

‘माजणी’ मी रिक्षातून उतरून बघून आलो. ‘भ’ आणि ‘म’ वेगळे कशाने, तर ‘भ’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ‘ध’ आणि ‘घ’चंही तेच. मोदकची अक्षरं इतकी गुबगुबीत की पोटातली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते, म्हणून ही फट तिथे जिवापाड जपायला हवी. फ्लेक्सवाल्याने ‘जरा ठसठशीत’ म्हणून वरून त्याच रंगाची आउटलाइन चढवली आणि फट बुजली. मोदक एकाच जाडीत येतो, तीही टोकाची. त्याला आणखी जाड करणं म्हणजे एकवीस खाऊन उठलेल्याला बाविसावा भरवणं.

पेंटरच्या हाताबद्दल सांगतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी मोदकची देवनागरी अक्षरं आधी हाताने रेखाटली, मग संगणकावर घेतली. तुम्हाला ब्रशचाच फटकारा हवा असेल तर ‘यात्रा वन’ हा फॉन्ट बघा. तो मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलाय. दोन्ही फुकट आहेत. पेंटरची रोजी गेली, त्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

‘बालिश’ तेवढं मान्य नाही. मोडीच्या जमान्यात आपल्या देवनागरीलाच ‘बाळबोध’ म्हणत, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता.

आता माझी चूक, जी तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या सोसायटीत टाकी धुण्याची सूचना मी हौसेने मोदकमध्ये छापून लिफ्टमध्ये लावली. सात ओळी! तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, “कोणाच्या बाळाचा वाढदिवस रे?” त्या दिवशी अर्ध्या बिल्डिंगने पाणी भरलं नाही. हा फॉन्ट वाचायचा नाही, बघायचा. एक शब्द, फार तर दोन, वीतभर उंचीचे. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

खोपटच्या एका ताई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या फलकावर ‘फराळ’ एवढंच मोदकमध्ये घेतलं. ‘फ’चा गोलावा करंजीसारखा टम्म दिसतो. चकली, कडबोळी, भाजणी आणि भाव खाली ‘मुक्ता’ या साध्या फॉन्टमध्ये. छापण्याआधी कागद भिंतीला चिकटवून समोरच्या फुटपाथवरून वाचला, मधून टीएमटीची बस जात असताना. भाजणीचा ‘भ’ ‘भ’च दिसला.

गोखले रोडच्या त्या दुकानदाराशीही बोललोय. आउटलाइन काढून नवा फ्लेक्स करायला तो तयार आहे, पण खर्च निम्मा मी द्यावा म्हणतो.