चढता आलेख बघून पीएचडी?

नेरूळ-खारघरच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: "आकडे खोटं बोलत नाहीत. ज्या विषयावरचे शोधनिबंध दरवर्षी वाढतायत, तोच उद्याचा विषय. ज्याची चर्चा जास्त, त्यात दम. आलेखात नाही, त्याला भवितव्य नाही. मुलांना त्यातच पीएचडी करायला लावा." सोबत वर चढणारा एक झोकदार आलेख.

"निबंध वाढतायत." अहो, एकूणच वाढतायत. वैज्ञानिक साहित्य साधारण 10 ते 15 वर्षांत दुप्पट होतं, हे विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक डेरेक डी सोला प्राइस यांनी 1960च्या दशकातच मांडलं होतं. त्या वाढीत या विषयाचा वाटा किती, ते आधी विचारा.

"आकडे खोटं बोलत नाहीत." 2023 मध्ये हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतले 8,000हून जास्त निबंध मागे घ्यावे लागले. तोवर तेही मोजले जातच होते की!

"ज्याची चर्चा जास्त, त्यात दम." 1989 मध्ये पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी शीत संमीलनाचा, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवल्याचा, दावा केला आणि निबंधांचा पाऊस पडला. त्यातले कितीतरी 'आम्हाला हे जमलं नाही' असं सांगणारे. मोजणीत मात्र दावा खोडून काढणारा निबंधही धरला जातोच.

"आलेखात नाही, त्याला भवितव्य नाही." याचं उत्तर तर घराजवळच आहे. खारघरच्या टाटात, म्हणजे ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात, रक्ताच्या कर्करोगावरच्या देशी कार-टी उपचाराच्या (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून त्यांना कर्करोगावर सोडायचं) चाचण्या झाल्या. 2023 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. या कल्पनेवरचा झेलिग एशार आणि सहकाऱ्यांचा गाजलेला निबंध कधीचा? 1989चाच. त्याच्या शीर्षकात 'कार-टी' सापडणार नाही, ते नाव नंतर रुळलं. डेटाबेसमध्ये 'कार-टी' टाकून रेघ काढलीत तर पहिली वीसेक वर्षं जवळपास सपाट दिसतात. 2011 मध्ये पेनसिल्व्हेनियात या उपचाराने 3 पैकी 2 रुग्णांचा ल्युकेमिया दिसेनासा झाला, त्यानंतर ती चढली. हा संदेश 1989 साली फिरला असता, तर मुलांना कुठे धाडलं असतं?

एवढ्यावरून ही आकडेवारी टाकाऊ ठरत नाही. माहितीशास्त्राचे अभ्यासक हेन्री स्मॉल यांनी 1973 मध्ये एक वेगळी मोजणी सुचवली: कोणते दोन निबंध नंतरच्या निबंधांच्या शेवटी दिलेल्या संदर्भयादीत वारंवार एकत्र येतात? एरवी एकमेकांकडे न फिरकणाऱ्या दोन शाखांचे निबंध असे एकत्र दिसू लागले, की तिथे काहीतरी शिजतंय. मला तरी ही खूण चढत्या रेघेपेक्षा भरवशाची वाटते. त्यासाठी मात्र निबंध उघडून शेवटची पानं वाचावी लागतात, आणि ते काम फॉरवर्ड करता येत नाही.