नाव लिहून घेता, मग फोन कोण करणार?

रोजगार मेळाव्याचा फ्लेक्स दिसला की आता डोक्यात तिडीक जाते. मांडव, हात जोडलेले सात-आठ चेहरे, दीपप्रज्वलन, सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. पोरं जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून पहिली एसटी धरून येतात आणि बायोडाटाच्या झेरॉक्सनं वारा घेत बसतात, कारण साहेबांनी फीत कापल्याशिवाय टेबलं उघडत नाहीत.

माझा धाकटा भाऊ आयटीआय फिटर. तो गेला तर समोर काय? विमा एजंट व्हा. पार्सल पोचवा, ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’. सिक्युरिटी गार्ड. फिटर पाहिजे असलेलं एकच टेबल, त्याची रांग पार मांडवाबाहेर. नाव लिहिलं, ‘कळवतो’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: शेकडो उमेदवारांची प्राथमिक निवड! त्यात आमचं येडं दोनदा मोजलं असणार, विमेवाल्यानंही त्याचा नंबर घेतला होता. त्यातली किती पोरं खरंच कामावर गेली, किती सहा महिने टिकली, हे कुणी मोजतं का?

बरं, सांगलीत काम नाही असंही नाही. कुपवाडच्या, मिरजेच्या एमआयडीसीत छोट्या वर्कशॉपवाल्यांना विचारा. ‘माणसंच मिळत नाहीत ओ ताई,’ हेच रडगाणं. गेटला ‘टर्नर, फिटर पाहिजेत’ पाटी, आणि आमचे टर्नर-फिटर चाकणच्या गाडीत! मालकाला अनुभवी माणूस पाहिजे, नव्या पोराला अनुभव द्यायला कुणी तयार नाही. इथंच तर रोजगार केंद्राचं काम सुरू व्हायला पाहिजे ना? केंद्र सरकारची २०१६पासूनची योजना आहे, अप्रेंटिसच्या स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार भरतं. दहा माणसांच्या वर्कशॉपवाल्याला हे कोण सांगणार? त्याच्या टेबलाशी बसून ते ऑनलाइन फॉर्म कोण भरून देणार? पोराला ‘पहिले तीन महिने दम धर, पगार कमी आहे पण काम शिकशील’ हे कोण समजावणार? त्यासाठी माणूस लागतो. आपण पोर्टल काढलं.

पूर्वी घरोघरी विचारायचे, ‘एम्प्लॉयमेंटला नाव घातलंस का?’ म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला, सरकारी रोजगार केंद्रात. पप्पांचं कार्ड अजून कपाटात आहे. १९५९च्या कायद्यानं २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी कारखान्यांवरही रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायची सक्ती केली. पण एक्स्चेंजनं पाठवलेली माणसं घ्यायची सक्ती नव्हती, आणि जागा नाही कळवली तर पहिला दंड ५०० रुपयांपर्यंत. कोण घाबरणार? पुढं १९९६ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सरकारी भरतीत नुसती एक्स्चेंजकडून आलेली नावं बघून भागणार नाही, जाहिरातही द्या. बरोबरच होतं ते. पण नावं पाठवायचं जुनं काम आटलं, तेव्हा नवं काम काय करायचं हे ठरवायला नको? ठरलं एवढंच, की कार्डाची नोंद कॉम्प्युटरवर करायची.

२०२४ला राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, काम शिकता शिकता विद्यावेतन. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० रुपये महिना. आधी सहा महिने, मग ओरड झाल्यावर अकरा. माझी मैत्रीण एका सरकारी ऑफिसात कागदांचे गठ्ठे बांधत होती. मुदत संपली, घरी. बाराव्या महिन्यात पोरांनी जायचं कुठं, याचं उत्तर योजनेत नव्हतंच, मग मोर्चे निघाले.

युरोपात २०१३ला युवा हमी ठरवली: शाळा सुटल्यावर किंवा नोकरी गेल्यावर चार महिन्यांच्या आत तरुणाला नोकरी, पुढचं शिक्षण, अप्रेंटिसशिप किंवा ट्रेनिंग, यातलं काहीतरी द्यायचं. तिथंही सगळं गोड नाही, पण निदान घड्याळ सरकारच्या डोक्यावर टांगलंय. आपल्याकडं ते पोराच्या डोक्यावर. वय निघून चाललं म्हणून घरचे टोमणे मारतात ते त्यालाच.

आणि भावाला फोन आला का? आला ना! लेबर कॉन्ट्रॅक्टरचा. पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नंबर मिळाला त्याला. खोली कुठं, मेस कुठं, बसला कुठं उभं राहायचं, सगळं सांगितलं. पगारातून किती कापणार, तेवढं सोडून. पोर पोचलं का, टिकलं का, हेही तो विचारतो, कारण त्याचं कमिशन त्यावर आहे. सरकारकडं आमचा आधार नंबर आहे, मार्कशीट आहे, फोटो आहे, जातीचा दाखला आहे. त्याच्याकडं एक मोबाईल आणि एक वही.

पुढच्या मेळाव्याला प्रमुख पाहुणा म्हणून त्यालाच बोलवा. शाल-नारळ आणलेले असतातच तुमच्याकडं.