मधला पंखा आवाज करायलाय

सोलापूरच्या पूर्व भागात राहून ‘माझा कॉम्प्युटर फार आवाज करतो’ म्हणणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात जाऊन टाळ फार वाजतात म्हणून कुरकुर करणं. आमच्या मागच्या भिंतीला लागून आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत. रात्रपाळी सुरू झाली की मांडणीतले पेलेसुद्धा तालात असतात. पण लूमचा आवाज मला लहानपणापासून ऐकूच येत नाही. टेबलाखालच्या डब्याचा मात्र येतो. माझा धंदा लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचा. मंगलाष्टकांच्या मागे खरखर राहिली का ते कान देऊन ऐकावं, तर ती व्हिडिओतली की टेबलाखालची हेच कळेना. रेंडर लावलं, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाइल बनवायला घेतली, की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून साडेचारशे वॅट खातात. अर्धी इस्त्री रात्रभर पायाशी चालू म्हणा ना. पंखे ओरडणारच.

म्हणून ठरवलं, वॉटर कूलिंग करायचं.

‘‘आपल्याला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय,’’ आई म्हणाली, ‘‘आणि त्यातलं तू कॉम्प्युटरला पाजणार?’’

लिटरभरच लागतं, आणि एकदा भरलं की वर्षभर बघायला नको, असं मी समजावलं.

‘‘वर्षभर तेच पाणी? शी!’’

वॉटर कूलिंगचा मुख्य भाग रेडिएटर, गाडीतल्या रेडिएटरचाच धाकटा भाऊ. तापलेल्या भागावर बसवलेल्या ठोकळ्यातून पाणी उष्णता उचलतं, पंप ते ढकलतो, रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून ते फिरतं आणि नळ्यांमधल्या पातळ पत्त्यांवर पंखे वारा घालतात. इतकं सोपं. पण निवडायला बसलो आणि तीन आठवडे गेले. लांबी २४०, ३६० की ४८०? जाडी ३० मिलिमीटर, ४५ की ६०? लग्नासाठी स्थळं बघताना इतके तक्ते केले नव्हते. त्यात शेवटचा रकाना तर डोक्यावरून जाणारा: एका इंचात पत्त्या किती. कुणाच्या १०, कुणाच्या १६, कुणाच्या तर ३०. जास्त पत्त्या म्हणजे जास्त थंड, असं धरून मी तिशीवाल्याची ऑर्डर टाकणार, तेवढ्यात मागून अण्णा वाकले.

अण्णांनी बत्तीस वर्षं लूमवर जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, म्हणून काढली. दोन्ही कान निम्मे तिथेच ठेवून आले. टीव्ही लावला की गल्लीला बातम्या कळतात. त्यांनी फोटो मोठा करून बघितला.

‘‘फणी आहे की ही.’’

लूमवर ताण्याची सुतं ज्या दात्यांतून जातात ती फणी. इंचाला घरं किती, यावर कापड ठरतं. ज्या आकड्यासाठी मी तीन आठवडे घासले, तो त्यांनी आयुष्यभर बोटांनी मोजला होता.

‘‘दाट घेतलास तर जोर लावावं लागतंय,’’ ते म्हणाले. ‘‘जोर लावलं की आवाज. आन् सुताचा कचरा अडकतंय ते वेगळंच.’’

झालं. सगळी विद्या एवढीच. दाट पत्त्यांतून वारा घुसवायला दाब लागतो, दाबासाठी पंखा पळवावा लागतो, आणि पळणारा पंखा ओरडतो. पंखा सावकाश फिरवायचा असेल तर पत्त्या विरळ हव्यात, इंचाला दहा-बारा. मी ३६०चा, ४५ जाडीचा, विरळ पत्त्यांचा रेडिएटर मागवला. तांब्या-पितळेचा, कारण ठोकळा तांब्याचा, आणि तांबं व अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात नांदवले की अ‍ॅल्युमिनियमला गंज चढतो.

तो आला आणि बसेना. कॅबिनेटच्या खोक्यावर ‘३६० चालेल’ असं ठसठशीत छापलेलं. पण ३६० हे तीन पंख्यांचं माप. रेडिएटरला दोन्ही टोकांना पाण्याच्या टाक्या असतात, त्या धरून तो भरतो चारशेच्या आसपास. शिवाय ४५ची जाडी अधिक पंख्याचे २५ म्हणजे सत्तर, आणि मदरबोर्डच्या वर जागा पंचावन्न. हे सगळं बायकोने शिवणाच्या टेपने अर्ध्या मिनिटात मोजून दाखवलं आणि ‘‘आधी मोजायचं नसतं का हो?’’ एवढंच विचारलं. तो शेवटी कॅबिनेटच्या तोंडाशी बसला, हार्ड डिस्कचा पिंजरा कापून. कापायला अण्णांचा हॅकसॉ.

आता पंखे. नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो आणि आवाज न करणारे तीन पंखे मागितले.

‘‘आवाज नाही तर चालू आहे कळणार कसं लका?’’ दुकानदार म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. त्याच्याकडचे सगळे लाल-निळे दिवे लावून गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या, पाळण्यासारखे फिरत होते. शेवटी बाहेरूनच मागवले, ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे, १२० मिलिमीटरचे. रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. एकाच्या किमतीत घरात सीलिंग फॅन आला असता, म्हणून घरात मी तिन्हींची मिळून तेवढी किंमत सांगितली.

डेसिबलचा हिशोब मात्र शाळेत न शिकवलेला. कागदावर एका पंख्याचा आवाज २२.६ डेसिबल, तोही मिनिटाला २,००० फेऱ्यांवर. दोन लावले तर पंचेचाळीस होत नाहीत, पंचवीस-सव्वीस होतात. तीन लावले तर सत्तावीस-अठ्ठावीस. आणि वेग निम्मा केला की साधारण पंधरा डेसिबल कमी. म्हणजे एक पंखा पळवण्यापेक्षा तीन सावकाश फिरवलेले शांत.

‘‘म्हणजे एका सुनेनं ओरडण्यापेक्षा तीन सुना हळू बोलल्या तर बरं,’’ बायको म्हणाली. आई शेजारीच शेंगा फोडत होती. आवाज शून्य डेसिबल.

बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं. ‘‘इन्व्हर्टर किती मोठा आहे?’’ त्याने विचारलं. मी मोठा आहे म्हणालो. कोण सांगत बसणार.

पहिलं रेंडर जानेवारीत लावलं, होम मैदानावर गड्डा भरला होता तेव्हा. खोली २४ अंश, पंखे ९०० फेऱ्यांवर. डब्याला हात लावून खात्री करावी लागत होती. मी चारचौघांत बोलताना पाण्याचा विषय काढायला लागलो.

मग एप्रिल आला. बाहेर ४२, पत्र्याखालच्या माझ्या माडीवर ३९. पाणी त्याहून कितीतरी तापलेलं!

आई माठाला ओला फडका गुंडाळत होती. ‘‘माझा माठ बिनलाइटीचा गार असतोय. तुझ्या त्या डब्यात पाणी आहे म्हणतोस, मग ते गरम कसं?’’

कसं सांगावं? माठ पाझरतो. पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी हवेपेक्षा गार होतं. कूलरचं तेच, आणि सोलापूरची कोरडी हवा त्याला मानवते. रेडिएटर बंदिस्त. तो खोलीइतकं थंड करू शकतो, त्याखाली एक अंशही नाही. बरं, जे साडेचारशे वॅट तो बाहेर काढतो ते जातात कुठे? माझ्याच अंगावर. ऐन लग्नसराईत मी माझ्या पैशांनी माडीवर शेगडी बसवली होती. उपाय एकच, कूलर रेडिएटरच्या तोंडाशी लावणे. पाणी उतरलं. ऑस्ट्रियाचे तीन मुके पंखे आणि त्यांना वारा घालणारा विमानासारखा घोंघावणारा कूलर, असा संसार सुरू झाला.

माझे पंखे शांत आहेत का, हे तपासायला शांतता मिळाली एकदाच. मेमधल्या एका रात्री दीडला लाइट गेली. लूम एकदम थांबले, कूलर थांबला, गल्ली थांबली. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर. यूपीएस टुंय टुंय करत होता, त्याचं बटण दाबून त्याला गप्प केलं. हातात सात-आठ मिनिटं. श्वास रोखून मी जमिनीवर आडवा झालो.

बुडबुड. टिक. बुडबुड.

‘‘काय झालं बे?’’ जिन्यात अण्णा. लूम थांबला की जॉबरला जाग येते, ती सवय अजून सुटलेली नाही.

‘‘आवाज यायलाय,’’ मी ओरडून सांगितलं.

अण्णा खाली गेले, टॉर्च आणि लांब पेचकस घेऊन आले. पेचकसाचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली, डोळे मिटले. पोलादातून बारीक थरथरही थेट हाडात पोचते.

‘‘हवा आहे आत.’’ त्यांनी कॅबिनेट कवेत घेतलं, आधी या बाजूला कलवलं, मग त्या, दूध पिलेल्या पोराला खांद्यावर घ्यावं तसं. कॅबिनेटने लांब ढेकर दिला. टाकीत फुगे वर आले. बुडबुड थांबली.

मी उठायला लागलो तर त्यांनी हात केला. टोक पहिल्या पंख्याच्या चौकटीवर. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. परत दुसऱ्या.

‘‘मधला आवाज करायलाय.’’

२२.६ डेसिबलच्या पंख्याचं निम्म्या वेगावरचं भांडण, निम्म्या कानांच्या माणसाला! मला पटेना. त्यांनी मूठ माझ्या कानामागे दाबली. आत कुठेतरी दूरवर गिरणी चालल्यासारखी घरघर होती, आणि तिच्यात अगदी बारीक, फेरीगणिक एक खट्.

‘‘एक स्क्रू जास्त आवळलाय, चौकट पिळली,’’ ते म्हणाले. ‘‘कितीला घेतलास हा?’’

मी आकडा तोंडात जुळवत होतो, तेवढ्यात लाइट आली. आठही लूम एकदम सुरू झाले. पेचकसाची मूठ माझ्या डोक्याला थडथड लागायला लागली.

अण्णांनी पेचकस काढून घेतला. ‘‘आता काय कळत नाही. परत लाइट गेली की बघू.’’