‘काशाला आठ’ म्हणून कॅश्यू? छे!

काजूचा हंगाम आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दारूच्या भाट्या पेटायच्या आत हा मेसेज व्हॉट्सअॅपवर पेटतो. केरळातल्या कोल्लमच्या बाजारात एक बाई काजू विकत होती. साहेबाने विचारले, हे काय? तिला वाटले भाव विचारतोय. म्हणाली, ‘काशिनु एट्टु’, म्हणजे काशाला आठ. कासु हे तिकडचे बारके नाणे. साहेबाने ऐकले ‘कॅश्यू नट’, आणि इंग्रजीला नवे नाम मिळाले! आमच्या डिचोलीच्या ग्रुपवरही यंदा टाळ्यांसकट आला.

गोष्ट झकास आहे, पण तारखाच जुळत नाहीत. लिन्शोटेन नावाचा डच माणूस १५८३ पासून पाचेक वर्षे इथे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने इथल्या फळझाडांत काजूही नोंदवला, तोही काजू याच नावाने. त्याच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १५९८ साली लंडनमध्ये छापले गेले. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० मध्ये. मग भाव विचारायला कोल्लमला गेला तो साहेब कोण?

शब्दाचे माहेर ब्राझील. तिथले तुपी लोक ‘अकाजू’ म्हणत, पोर्तुगीजांनी त्याचे ‘काजू’ केले आणि झाडाबरोबर नावही इकडे आणले. त्यांचा ज आपल्यासारखा ठसठशीत नाही, श आणि झ यांच्या अधेमधे घोटाळतो. इंग्रजी कानाने त्यातला श धरला.

आणि खुद्द केरळात या झाडाला काय म्हणतात? परंगिमावु. परंगी म्हणजे फिरंगी, मावु म्हणजे आंबा. फिरंग्यांचा आंबा! मेसेज पुढे ढकलण्याआधी एखाद्या मल्याळी शेजाऱ्याला विचारले असते तरी भागले असते.

कासु इंग्रजीत गेलाच नाही असे मात्र नाही. दक्षिणेतल्या त्या बारक्या नाण्याला इंग्रज ‘कॅश’ म्हणत, तो शब्द पोर्तुगीजांमार्फत कासुवरूनच आलेला. रोख रकमेचा ‘कॅश’ वेगळा, तो युरोपातल्या पेटीवरून.

राहिला ‘नट’. तो ‘एट्टु’तून निघाला असेल, तर ‘कॅश्यू ट्री’ आणि ‘कॅश्यू अॅपल’ कशातून निघाले? कॅश्यू हे नाव झाडाचे, फळाचे, बीचे, सगळ्यांचेच. नट हा इंग्रजीतला साधा शब्द मागाहून जोडलेला. ‘अॅपल’ म्हणजे आपले बोंडू. तेही खरे फळ नव्हेच, फुगलेला देठ. खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी बी, जिच्या टरफलाचा चीक उडाला तर कातडी सोलवटते. गोव्यात निम्मा जीव त्या देठातच. कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, बोंडू तुडवायचे, रस आंबवायचा, भाटीवर चढवायचा. आधी हलकी उर्राक, मग कडक फेणी. इथल्या बारमध्ये ‘काजू की माड?’, म्हणजे काजूची फेणी की माडाची, असे विचारले, तर बशीतल्या खारवलेल्या काजूगरांकडे कोणी बघतसुद्धा नाही.