खिडकीला दोन काचा लावा, पण बाथरूमच्या झडपा बुजवू नका

मंगळवारी रात्री मावशीचा फोन आला. डोंबिवलीला रेल्वेलाइनला लागून तिचं घर, दुसरा मजला. "उद्या खिडक्यांची मापं घ्यायला माणूस येतोय," ती म्हणाली, "त्याच्याकडूनच बाथरूमच्या झडपाही बंद करून घेते." झडपा कशाला? तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं आलंय. तोच मजकूर मला याआधी तीन जणांनी पाठवला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. या वेळी नीट वाचला आणि संताप आला.

मजकूर थोडक्यात असा: दोन काचांच्या खिडकीत मध्ये निर्वात पोकळी असते, म्हणून बाहेरचा आवाज शंभर टक्के बंद होतो. युरोपातली घरं याच खिडक्यांवर चालतात, आपल्याकडे त्या लावल्या की एसी लागणार नाही. नवी खिडकी परवडत नसेल तर जुन्या काचेवर दुसरी काच सिलिकॉनने चिकटवा. आणि पूर्ण फायदा हवा असेल तर स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या झडपाही सील करा.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात माणूस मरू शकतो.

मावशीच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. लहानशा बंद खोलीत प्राणवायू कमी पडायला लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर कळतं, कारण त्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो. इथे तसं काहीच नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, चक्कर येते, हातपाय ढिले पडतात, आणि आतून कडी लावलेली असते. हिवाळ्यात अशा बातम्या आपण सगळेच वाचतो आणि पान उलटतो. एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं मावशी म्हणाली. पण फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा आत यायला वाट नको का? बाथरूमच्या झडपा बांधणाऱ्याने हौसेसाठी ठेवलेल्या नाहीत. खरं तर गॅसचा गीझर बाथरूमच्या आत असूच नये. स्वयंपाकघराचंही तेच: शेगडी पेटते तिथून धूर आणि वाफ बाहेर जायला आणि ताजी हवा आत यायला जागा लागतेच. असं वाक्य लिहिणाऱ्याने आणि ते पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने एक मिनिट थांबून विचार करायला हवा होता.

निर्वात पोकळीचं फार लांबवत नाही. एका चौरस मीटर काचेवर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 10 टन वजनाइतका असतो. मध्ये खरंच निर्वात असतं तर दोन्ही काचा आत दबून फुटल्या असत्या. नेहमीच्या खिडकीत मध्ये कोरडी हवा किंवा आर्गॉन वायू भरतात. निर्वात काचा बनतात, पण त्यांत मिलिमीटरहूनही कमी फट असते आणि तिला पेलायला बारीक टेकू असतात. ती वस्तू वेगळी, नेहमीची दुहेरी काच नव्हे.

आवाजाचा मुद्दा मात्र मावशीसाठी सगळ्यांत मोठा. पहाटेच्या पहिल्या लोकलपासून तिची झोप मोडते. तिला "शंभर टक्के" हा शब्द दाखवून कुणी पैसे घेणार, हे मला सहन होत नाही. 6 मिलिमीटरची साधी एकेरी काच साधारण 31 डेसिबल आवाज अडवते. बाजारात सर्रास मिळणारी 4 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये 12 मिलिमीटर फट, अशी खिडकीही त्याच्याच आसपास राहते. कारण इतक्या कमी फटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि 250 हर्ट्झच्या आसपास दोन्ही काचा एकत्र थरथरतात. इंजिनाची घरघर, अवजड गाड्यांचा आवाज या खालच्या पट्टीतलाच, म्हणजे नेमका तिथेच बचाव ढिला पडतो. आवाजासाठी हवी ती वेगवेगळ्या जाडीच्या काचांची जोडी, त्यांतली एक लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर दाबून चिकटवलेली. नाहीतर आहे त्या खिडकीच्या आतून 10 सेंटिमीटर अंतर सोडून दुसरी स्वतंत्र खिडकी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फटी. खिडकीच्या क्षेत्रफळात एक टक्का जरी उघडी फट राहिली, तर काच कितीही भारी घ्या, 20 डेसिबलच्या पलीकडे काही अडत नाही. मावशीच्या स्लायडिंग खिडकीचे ब्रश झिजलेत, ट्रॅकमधून बोट जातं. नवी खिडकी लावून "किती शांत झालं" असं म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत. पण त्यातलं बरंचसं श्रेय रबराच्या गास्केटचं आणि घट्ट बसणाऱ्या पल्ल्याचं असतं.

आता उष्णता. इथे अर्धं खरं आहे, ते मान्य करते. साध्या काचेचा उष्णता वाहून नेण्याचा आकडा 5.7 च्या आसपास असतो, दुहेरी काचेचा 2.8, म्हणजे निम्मा. जर्मनीत जानेवारीत बाहेर शून्याच्या आसपास आणि घरात वीस अंश असतात. तिथे हीटरची ऊब काचेतून निसटते, आणि ती निम्मी अडवणं म्हणजे खरी बचत. शिमल्यातही हे पटतं. पण डोंबिवलीत?

ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या बांधकामात ऊर्जा वाचवण्याच्या नियमावलीत, याचं गणितच दिलंय. उष्ण-दमट हवामानात काचेतून उष्णता वाहून नेण्याच्या वरच्या आकड्याला 1.31 ने गुणायचं आणि काचेतून थेट शिरणाऱ्या उन्हाच्या आकड्याला, म्हणजे पडलेल्या उन्हातला किती भाग आत येतो त्याला, 65.21 ने. खिडकी कुठल्या दिशेला आहे त्याचा वेगळा गुणक असतो, तो बाजूला ठेवून साध्या काचेचं गणित केलं तर: पहिला भाग 7.5, दुसरा 52. म्हणजे आपल्याकडे खिडकीतून येते ती मुख्यतः उन्हाची उष्णता. साधी पारदर्शक दुहेरी काच लावली की हे 4 आणि 46 होतात. एकूण सहावा हिस्सा कमी, बस. ऊन अडवणारा लेप असलेली काच घेतली तर 52 चे 20 होऊ शकतात, आणि बाहेरून छज्जा किंवा बांबूच्या पट्ट्यांचा पडदा, म्हणजे चीक, लावला तर काच न बदलताही मोठा फरक पडतो. चीक बाहेरून हवी. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचतं तेव्हा उष्णता घरात शिरलेली असते. जिथे दिवसभर एसी चालतो तिथे दुहेरी काच नक्की उपयोगी पडते. एसी नसलेलं घर मात्र बंद काचांमागे उकडतं, म्हणूनच हीच संहिता दमट हवामानात घराच्या चटईक्षेत्राच्या 16.66 टक्के एवढी उघडता येणारी जागा मागते. सील करा म्हणणाऱ्यांनी तेवढी एक अट वाचावी.

सिलिकॉनने दुसरी काच चिकटवण्याबद्दल एवढंच: कारखान्यात मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरतात, घरी ते नसतात. एका पावसाळ्यात आत धुकं आणि बुरशी धरते, आणि पुसायला हात जात नाही.

बुधवारी मापं घेणारा आला. मावशीने फक्त रेल्वेकडच्या बेडरूमची एक खिडकी दाखवली: आतून दुसरी, लॅमिनेटेड काचेची, गास्केटवाली. झडपा जशा होत्या तशा आहेत. गीझर बाहेर ड्राय बाल्कनीत हलवायला प्लंबर रविवारी येतोय.