फड पद्धत वाचवायचीय? आधी फ्लेक्स छापा

गेल्या रविवारी आमच्या पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर 'जलवारसा' का काय तो कार्यक्रम झाला, फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटानं आणून सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी रीत, वाचवायला. तेव्हापासून डोकं तापलंय ते उतरतच नाहीये. पण शिकायला खूप मिळालं, म्हटलं तुम्हालाही सांगावं, उगाच तुमच्या गावचा वारसा वाचवायचा राहून जायचा.

तर पहिलं काम फ्लेक्सचं. बंधाऱ्याच्या दगडातच खिळे ठोका. 300-400 वर्षं पुराचे तडाखे खाऊन उभाय तो, चार खिळ्यांनी काय होतंय त्याला.

ड्रोन पाहिजेच.

पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणा, त्या 200 मिलीच्या छोट्या, दोन घोटात संपणाऱ्या. पाणी कसं जपावं यावर भाषण चालू असताना त्या अर्ध्या पिऊन चारीत टाका. दुसऱ्या दिवशी चारीच्या तोंडातून आम्ही बेचाळीस काढल्या, काहींची बुचंसुद्धा उघडलेली नव्हती.

पाटकऱ्याचा, म्हणजे धान्याच्या मोबदल्यात सगळ्यांच्या रानाला पाटाचं पाणी भरणाऱ्या माणसाचा, सत्कार करा. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. फोटोत त्याला कडेला उभं करा, म्हणजे नंतर क्रॉप करता येतो. त्याचं दोन हंगामांचं धान्य थकलंय हा विषय स्टेजवर काढायचा नाही, वाईट दिसतं. आमचे पाटकरी आबा सत्कार घेऊन खाली आले आणि माझ्या कानात म्हणाले, "पाटमा पानी नही भाऊ, खांदावर शाल शे."

कायदाही आहे बरं का, 2005 चा, शेतकऱ्यांनीच सिंचनाची व्यवस्था बघायची म्हणून. पाणी वापर संस्था काढा, अध्यक्ष व्हा, शिक्का करून घ्या. मीटिंगची घाई नको.

वरच्या धरणांना शिव्या द्या, नदीचं पाणी तिथंच अडतं म्हणून. पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, प्रत्येक नदीला एक तयारच आहे. दोष खरा पण आहे त्यांचा, म्हणूनच तर सोयीचा पडतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या तुकड्यात आपल्याला वाटेल तेच पीक घ्या. फड म्हणजे काय होतं, तर बंधाऱ्याखालचं सगळं थळ, म्हणजे भिजणारं रान, तीन-चार फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, म्हणजे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागणार आणि पाटकरी एका टोकाकडून भरत जाणार, ना मोटार ना लाईट, उतारानं पाणी आपोआप. प्रत्येकाचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात, म्हणून नदीला पाणी कमी असलं की एक फड पडीक ठेवायचा, नुकसान सगळ्यांचंच, मग भांडणार कोणाशी? आणि शेतकऱ्यानं स्वतः बारं धरायला, म्हणजे रानाला पाणी द्यायला, जायचंच नाही, तो घरी झोपलेला, पाटकरी जागा. हे असलं मागासलेलं आपण बंद पाडलं. एकानं विहीर खोदली, मोटार टाकली, उसाच्या मध्ये डाळिंब लावलं, दुसऱ्यानं बघून कांदा लावला, तिसरा म्हणाला मग मीच काय पाप केलंय. झालं. आता प्रत्येकाला पाणी वेगळ्या दिवशी पाहिजे, पाटकऱ्यानं भरायचं कोणाचं? आणि आपण काय कमावलं, तर रात्रीची लाईट! दोन वाजता बॅटरी घेऊन, पायाखाली साप आहे का बघत मोटार चालू करायला जायचं, फ्यूज गेला की परत यायचं, सकाळी वायरमनला फोन, तो उचलत नाही. ज्या कामासाठी अख्ख्या गावात एक माणूस जागायचा त्यासाठी आता घराघरातला बाप जागतोय आणि वर म्हणतोय आधुनिक शेती करतो.

जाऊ द्या, आता नाही जमत मला हसत हसत लिहायला.

अरे, पाट गाळानं अर्धा भरलाय. पूर्वी ज्याचं रान भिजायचं त्याच्या घरचा एक माणूस पाट उकरायला यायचाच, न विचारता. या वर्षी अकरा जण आलो. अकरा! आणि कार्यक्रमाला? मांडव कमी पडला. फेटे बांधायला लाज नाही वाटली, फावडं धरायला वाटते? पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना काय बोलणार, ते संध्याकाळी निघून गेले, बाटल्या टाकणारे निम्मे आपलेच होते. आणि धान्य थकवणारे तर सगळे आपलेच, त्यात आमचं घरही आलं. परवा एक पोतं आबांच्या ओट्यावर ठेवून आलो, ते काही बोलले नाहीत, आतून चहा आणायला सांगितला. तुमची पोती कधी निघणार? आणि त्या फ्लेक्सचे खिळे कोण काढणार, की तेही आबांनीच काढायचे?